फिन्सबरीची तीन मतं : दादाभाई नौरोजींच्या तिकिटाचं आणि यादीचं प्रकरण

जुलै १८९२ मध्ये लंडनच्या मध्य फिन्सबरी मतदारसंघाचा निकाल लागला. लिबरल पक्षाचे दादाभाई नौरोजी यांना २,९५९ मतं आणि तिथले विद्यमान कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार कॅप्टन पेंटन यांना २,९५६. आधी फरक पाचाचा होता, पुन्हा मोजल्यावर तो तीनावर आला. तेवढ्यावर मुंबईचा एक सहासष्ट वर्षांचा पारशी गृहस्थ ब्रिटनच्या संसदेत जाऊन बसला.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत उरकतं: ब्रिटिश संसदेवर निवडून गेलेले पहिले भारतीय. मी गिरगाव-परळकडच्या बूथ कार्यकर्त्यांचे वर्ग घेतो आणि तिथे या ओळीने कुणाचं समाधान होत नाही. त्यांचे प्रश्न सरळ असतात. तिकीट कुणी दिलं? बंडखोरी झाली का? यादीचं काम कुणी केलं? खर्च कुणी उचलला? हे प्रश्न घेऊन फिन्सबरीकडे पाहिलं की प्रकरण वेगळंच दिसायला लागतं. परक्या देशात, आपल्या माणसांचं एकगठ्ठा मत नसताना, माणूस राष्ट्रीय राजकारणात शिरतो तो कुठल्या दारातून, हे कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: दादाभाई भाषणांवर निवडून आले नाहीत आणि अपमानाच्या सहानुभूतीवर तर नाहीच नाहीत. स्वतःच्याच पक्षाशी चार वर्षं झगडून आणि मतदारयादीवर बसून ते निवडून आले.

‘पहिले’ या शब्दालाही एक शेपूट आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या सरधना संस्थानाच्या बेगम समरूचा वारस डाइस सोंब्र हा १८४१ मध्येच सडबरीतून निवडून आला होता. पण मतांसाठी पैसे वाटल्याचं उघड झालं आणि ती निवडणूकच रद्द झाली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवर हशा पिकतो.

उमेदवार कोण होता

दादाभाईंचा जन्म १८२५ चा, घराणं मूळचं नवसारीचं, पुरोहितांचं आणि गरिबीतलं. बाळशास्त्री जांभेकर ज्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत होते तिथेच दादाभाई शिकले, तिथेच पुढे गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या या तरुण मंडळींनी मुंबईत मुलींच्या मराठी आणि गुजराती शाळा काढल्या, त्यात ते होते. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र सुरू केलं. १८५२ मध्ये नाना शंकरशेट आणि मंडळींनी बॉम्बे असोसिएशन उभी केली, त्यातही होते.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. दारू आणि अफूच्या व्यवहाराशी पटेना म्हणून तिथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवलं. १८६६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन काढली आणि हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते, याचे हिशेब मांडायला सुरुवात केली. मधल्या काळात बडोद्याची दिवाणगिरी झाली आणि तिथल्या रेसिडेंटशी, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीशी, भांडणही झालं.

आमच्या वर्गाला यातला एकच तपशील खरा भावतो. दादाभाई मुंबई महापालिकेचे सदस्य होते, १८७५-७६ मध्ये आणि पुन्हा १८८१ पासून. म्हणजे पाण्याचे पाइप, गटारं, कराचे दर यावर बोलण्याची सवय असलेला माणूस लंडनच्या मतदारापुढे गेला. विद्वान आणि देशभक्त उमेदवार म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते, ती खरीच आहे. पण नगरसेवकाची तालीम त्यांच्या अंगात होती, हे कुणी सांगत नाही.

कायद्याची अडचण नव्हती. मुंबईचा रहिवासी राणीचा प्रजाजन होता, त्यामुळे लंडनमध्ये उभं राहायला वेगळं नागरिकत्व घ्यावं लागत नव्हतं. दार कायद्याने उघडं होतं. आत जाऊ द्यायचं की नाही हे पक्षाच्या स्थानिक समितीच्या हातात होतं.

अर्ज-विनंत्यांचा रस्ता संपला होता

१८८५ हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्या साली ब्रिटनमध्ये निवडणूक होती, म्हणून इकडून तीन प्रतिनिधी तिकडे पाठवले गेले: मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे रामस्वामी मुदलियार. चंदावरकर तेव्हा तिशीचे तरुण, ‘इंदुप्रकाश’ या पत्राशी जोडलेले. हिंदुस्थानचे प्रश्न मतदारांपुढे मांडायचे, सहानुभूती असलेल्या उमेदवारांना मदत करायची, असा बेत होता. सभा झाल्या, टाळ्या झाल्या, मतपेटीवर फरक पडला नाही. त्याच निवडणुकीत बंगालचेच लालमोहन घोष लंडनच्या डेप्टफर्डमधून लिबरल उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पडले. पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले.

त्याच डिसेंबरात मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, ७२ प्रतिनिधींची काँग्रेस भरली. दादाभाई तिथे होते. काही महिन्यांनी त्यांनी लंडन गाठलं, या वेळी थेट खासदारकीसाठी.

होबर्न : घाईचं तिकीट

जुलै १८८६ च्या निवडणुकीत त्यांना लंडनमधल्याच होबर्नची उमेदवारी मिळाली ती मतदानाला जेमतेम काही आठवडे असताना. जागा कॉन्झर्व्हेटिव्हांचा बालेकिल्ला. त्यातच पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या आयर्लंडच्या स्वराज्याच्या विधेयकावरून लिबरल पक्ष उभा फुटलेला. पडण्यासाठीच द्यायचं तिकीट कसं असतं, हे मुंबईतल्या कुठल्याही पक्षाच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. कर्नल डंकन यांना ३,६५१ मतं पडली, दादाभाईंना १,९५०.

पण या १,९५० चं मोल होतं. चार आठवड्यांच्या ओळखीवर, नाव नीट उच्चारता येत नसताना, जवळजवळ दोन हजार लंडनकरांनी या माणसाला मत दिलं होतं. दादाभाई त्या वर्षअखेरीला कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष होऊन आले आणि लगेच लंडनला परतले. आता घाई करायची नव्हती. जागा आधी पकडायची आणि तिथे मुक्काम ठोकायचा होता.

तिकीट मिळालं, पण हातात येईना

ऑगस्ट १८८८ मध्ये मध्य फिन्सबरीच्या लिबरल समितीने उमेदवार निवडला. समोर रिचर्ड ईव्ह होते, स्थानिक इंग्रज. निवड काठावरची झाली आणि दादाभाईंच्या बाजूने लागली. ईव्ह यांच्या बाजूच्यांनी ती मानली नाही. पुढची जवळपास चार वर्षं या एका वाक्याभोवती फिरली.

पक्षाच्या वरच्या मंडळींचा सूर मोघम होता. हिंदुस्थानबद्दल आदर, दादाभाईंबद्दल आदर, पण ‘ही जागा जिंकायची आहे’ हे पालुपद. समेट करा, लवाद नेमा, पुन्हा निवड घ्या, अशा सूचना येत राहिल्या. दादाभाई हटले नाहीत. समितीने रीतसर निवडलं आहे, मी उमेदवार आहे, इतकंच ते सांगत राहिले. पुढे ईव्ह बाजूला झाले, तर त्याच पक्षातला दुसरा स्थानिक इच्छुक उभा ठाकला. तो मागे हटला तोवर मतदान दाराशी आलेलं होतं.

उपऱ्या उमेदवाराला नेहमी सुचवला जाणारा तोडगा म्हणजे तडजोड: ही जागा सोड, तुला पुढे सुरक्षित जागा देऊ. ती पुढची जागा येत नाही. दादाभाईंना हे नक्की कळलेलं होतं असं मला वाटतं. एकदा रीतसर मिळालेली निवड सोडली असती, तर दुसरी कुठलीही समिती त्यांना उभं करणार नव्हती. विरोधकांशी लढणं त्यामानाने सोपं. ते निदान समोर उभे असतात.

सॅलिसबरींचं वाक्य

नोव्हेंबर १८८८ च्या अखेरीस कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एडिंबरोत बोलत होते. होबर्नमध्ये कर्नल डंकन यांच्या विरोधात एक काळा माणूस उभा होता असा उल्लेख करून ते म्हणाले की, माणसाची प्रगती कितीही झाली असली तरी ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देण्याच्या थराला आलेला आहे का, याबद्दल मला शंकाच आहे.

देशभर ओरड झाली. ग्लॅडस्टन यांच्यासह लिबरल पुढाऱ्यांनी सॅलिसबरींवर टीका केली. नॅशनल लिबरल क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. काल फिन्सबरीबाहेर फारसं माहीत नसलेलं नाव आता सगळ्यांच्या तोंडी झालं.

इथे एक गंमत झाली आणि ती मला अजिबात गमतीची वाटत नाही. अनेक वर्तमानपत्रांनी बचावात लिहिलं की नौरोजी सॅलिसबरींपेक्षाही गोरे आहेत. म्हणजे बचाव असा की, हा माणूस काळा नाहीच. मग खरोखर काळ्या माणसाने उभं राहायचं की नाही? त्या प्रश्नाला ना सॅलिसबरींनी तोंड दिलं, ना त्यांच्या टीकाकारांनी.

लोक समजतात की या अपमानामुळे दादाभाईंना जागा मिळाली. तारखा लावून पाहा. निवड ऑगस्टमधली, भाषण नोव्हेंबरमधलं. तिकीट आधीच मिळालेलं होतं. भाषणाने एवढंच केलं की आता लिबरल पुढाऱ्यांना हा उमेदवार गुपचूप बदलणं अवघड झालं. सॅलिसबरींना चुकीचं ठरवायचं म्हटल्यावर ‘स्थानिक माणूस बरा’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? पण तरीही स्थानिक भांडण मिटलं नाहीच, पुढे साडेतीन वर्षं चाललं. वर्तमानपत्रातली लाट वॉर्डापर्यंत येते तेव्हा तिचं पाणी घोट्याइतकं उरतं.

यादीचं काम

आता मुख्य गोष्ट. ब्रिटनमध्ये तेव्हा सगळ्या प्रौढांना मत नव्हतं. बायकांना नव्हतंच. १८८४ च्या कायद्यानंतरही साधारण साठ टक्के पुरुष यादीत येत. घर चालवणारा पुरुष असेल तर त्याच जागी सलग बारा महिने वास्तव्य हवं. भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर खोलीचं भाडं वर्षाला किमान १० पौंडांच्या किमतीचं हवं, तिथेही बारा महिने हवेत आणि शिवाय दरवर्षी नव्याने अर्ज हवा. गेल्या वर्षी नाव होतं म्हणून यंदा राहील असं नाही.

दर शरद ऋतूत याद्यांची सुनावणी होई. एक बॅरिस्टर न्यायाधीशासारखा बसे. दोन्ही पक्षांचे एजंट समोर. आपल्या बाजूचं नाव गाळलं असेल तर दावा, दुसऱ्या बाजूचं नाव आलं असेल तर हरकत. हा माणूस मार्चमध्ये पलीकडच्या गल्लीत राहायला गेला, नाव काढा. याची खोली नऊ पौंडांचीच आहे, नाव काढा. आपल्याकडचा सहा नंबरचा (नाव घालण्याचा) आणि सात नंबरचा (नाव काढण्याचा) फॉर्म, फक्त तिथे निवडणूक कार्यालय नव्हतं. पक्षांनीच एकमेकांची यादी सोलायची.

मध्य फिन्सबरी म्हणजे मुख्यतः क्लर्कनवेलचा भाग. घड्याळं, दागिने, छपाई यांची छोटी छोटी कामघरं, एकेका घरात अनेक कुटुंबं, आयरिश वस्ती, इटालियन वस्ती. भाडं वाढलं की बिऱ्हाड पुढच्या गल्लीत. अशा ठिकाणी यादी दरवर्षी अर्धीमुर्धी फिरते आणि जो पक्ष वर्षभर तिच्यावर बसतो त्याला ती वळते.

आमच्याकडची यादी हातात घेतली की हे चटकन समजतं. चाळीचा दुसरा मजला. खोली, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. समासात जुन्या कार्यकर्त्याच्या पेन्सिलीच्या खुणा: ‘मयत’, ‘लग्न होऊन गेली’, ‘विरारला, पण येतो’, ‘रिडेव्हलपमेंट, भांडुप’, ‘पक्का’, ‘काठावर’, ‘सकाळी बोलवा, दुपारी झोपतो’. शेवटची खूण मी स्वतः पाहिली आहे आणि त्या आजोबांचं मत सकाळी साडेनऊला पडलं, हेही. पुढाऱ्याचं भाषण या समासात कुठेच नसतं.

यादीच्या कामाचा खर्च उमेदवाराने उचलायचा अशी तेव्हा रीत होती. खासदारांना पगार १९११ पासून मिळू लागला, तोपर्यंत सगळं पदरमोड. दादाभाई काही टाटांसारखे धनाढ्य नव्हते. १८८८ ते १८९२ अशी चार वर्षं घर, दौरे, कचेरी, छपाई, वर्गण्या चालवायच्या आणि तेही आपल्याच पक्षातला एक गट ‘हा आमचा उमेदवारच नाही’ म्हणत असताना. हिंदुस्थानातल्या हितचिंतकांनी हात दिला, पण लंडनमध्ये रोज संध्याकाळी कामगारांच्या क्लबात जाऊन उभं राहणं हे त्यांनाच करावं लागलं.

तिथे ते काय बोलत होते, हेही पाहा. हिंदुस्थानबद्दल बोलत, पण तेवढंच नाही. आयर्लंडचं स्वराज्य, लंडनच्या कारभाराची सुधारणा, कामाचे आठ तास, दारूबंदीच्या बाजूचे कायदे, बायकांना मताधिकार. क्लर्कनवेलच्या आयरिश मतदाराला या परदेशी पाहुण्याच्या तोंडून आपल्या देशाची बाजू ऐकायला मिळाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा त्यांना पाठिंबा होता. मतदार नसलेल्या बायका प्रचारात काम करत होत्या.

वर्गात एकदा लालबागच्या एका ताईंनी विचारलं, “सर, पण तिथे पारशी मतदार किती होते?”

“नव्हतेच म्हणा.”

“मग समाजाचा बेस काय?”

“आयरिश, कामगार आणि सॅलिसबरींवर चिडलेले.”

“म्हणजे दुसऱ्याच्या समाजावर निवडून आले.”

इतकं नेमकं विश्लेषण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

निकाल आणि नंतर

तीन मतांचा निकाल लागला की पुढचं पाऊल ठरलेलं: कोर्ट. पेंटन यांनी अर्ज केला आणि पुढे तो मागे घेतला. मुंबईकरांना अशा निकालाची चव २०२४ मध्ये पुन्हा कळली, मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले तेव्हा. साडेचार-साडेचार लाख मतं दोघांनाही. त्या रात्री माझ्या ओळखीच्या प्रत्येक बूथ प्रमुखाने आपल्या बूथवरचे न आलेले मतदार मोजले असतील. दादाभाईंचं नाव कठीण म्हणून लंडनकरांनी त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटतं बहुमत, म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत कानाला ते नौरोजीसारखंच लागतं.

पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता हातात घेऊन त्यांनी शपथ घेतली. याआधी चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक खासदाराने शपथेवरूनच सहा वर्षं झगडा दिला होता आणि १८८८ मध्ये कायदा बदलून घेतला होता. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आले होते. त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणत. १८९१ मध्ये ते वारले आणि ती जागा रिकामी झाली. दादाभाईंकडे सगळ्या हिंदुस्थानने त्याच नजरेने पाहिलं आणि खरी पंचाईत इथून सुरू झाली.

त्यांना मतं फिन्सबरीने दिली होती आणि पत्रं हिंदुस्थानातून येत होती. सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला आणि २ जून १८९३ रोजी तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. दादाभाईंच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय. सरकारने तो अमलात आणलाच नाही. हिंदुस्थानात अशी परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. डिसेंबर १८९३ मध्ये लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते आले, तेव्हा मुंबईने त्यांचं स्वागत एखाद्या राजाचं करावं तसं केलं. क्लर्कनवेलचा छापखान्यातला कामगार मात्र त्या हिवाळ्यात आपला खासदार पाहू शकला नाही.

दादाभाईंनी मतदारसंघाकडे दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. आयर्लंडच्या विधेयकाला त्यांनी साथ दिली, लंडनच्या प्रश्नांवर ते पक्षाबरोबर राहिले. पण तीन मतांच्या खासदाराला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. यादीवर बसणारा माणूस सभागृहात जाऊन बसला की यादीवर कोण बसतं? १८९५ मध्ये लिबरलांविरुद्ध देशभर वारं फिरलं आणि दादाभाई पडले. लाट इतकी होती की यादीने फारसं काही वाचलं नसतं, हे खरं. पण १८९२ मधल्या तीनाच्या जागी तीनशेची पायरी बांधायला मधली तीन वर्षं होती आणि ती बांधली गेली नाही.

त्याच निवडणुकीत मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, लंडनच्या पूर्व भागातल्या बेथ्नल ग्रीनमधून निवडून आले, तेही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून. म्हणजे सॅलिसबरींच्याच पक्षाने सात वर्षांनी हिंदी उमेदवार दिला आणि निवडूनही आणला. काँग्रेसवाल्यांना भावनगरी मुळीच आवडत नव्हते. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी ते संसदेत सतत भांडले आणि गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ते १९०६ पर्यंत टिकले. त्यानंतर १९२२ मध्ये मुंबईतच जन्मलेले, जमशेटजी टाटांचे भाचे शापूरजी सकलातवाला बॅटरसीमधून निवडून गेले, आधी मजूर पक्षाच्या पाठिंब्याने आणि १९२४ मध्ये उघडपणे कम्युनिस्ट म्हणून. एक लिबरल, एक कॉन्झर्व्हेटिव्ह, एक कम्युनिस्ट. तिघेही मुंबईचे पारशी आणि तिघांच्याही मतदारसंघात पारशी नव्हते. त्यांच्यानंतर ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात आशियाई किंवा कृष्णवर्णीय खासदार दिसायला १९८७ साल उजाडावं लागलं.

दादाभाई १९०६ मध्ये नॉर्थ लँबेथमधून पुन्हा उभे राहिले, ऐंशीव्या वर्षी, आणि पडले. त्याच डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आत्ताचं उदाहरण

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे वाटावेत तसे निरोप फिरले: मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये. श्री ठाणेदार, बेळगावचे, मुंबई विद्यापीठाचे एम.एस्सी., काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला, १९७९ मध्ये अमेरिकेला गेलेले. त्याच ग्रुपवर, त्याच दुपारी, शेजारच्या वॉर्डात बाहेरच्याला तिकीट देण्याची चर्चा आहे म्हणून संताप चालला होता. दोन निरोपांमध्ये तीन-चार ‘शुभ दुपार’ होते. कुणालाही काही विचित्र वाटलं नाही.

ठाणेदारांचा मतदारसंघ डेट्रॉइटचा, मतदारांत सर्वांत मोठा गट कृष्णवर्णीयांचा. मराठी मतं तिथे किती असणार? २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि तिसरे आले. हे त्यांचं होबर्न म्हणता येईल. मग ते डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात निवडून आले आणि २०२२ मध्ये काँग्रेससाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली. मतं विभागली गेली आणि स्वतःचा पैसा हाताशी होता. तिथल्या कृष्णवर्णीय नेत्यांची तक्रार अशी की १९५५ पासून डेट्रॉइटला पहिल्यांदाच कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य उरला नाही. मला ही तक्रार वजनदार वाटते. ज्यांनी स्वतः शंभर वर्षं दार ठोठावलं त्यांच्या जागेवर बाहेरून आलेला माणूस पैशाच्या बळावर बसला, असं त्यांना वाटलं तर त्यात वंशद्वेष शोधायची गरज नाही. ईव्ह यांचे पाठीराखे असंच काही म्हणत असतील, पण त्यांच्याकडे आधीच सगळी दारं होती, हा फरक विसरता येत नाही.

यंत्रणेतही फरक आहे. दादाभाईंना काही डझन लोकांच्या समितीतून जावं लागलं आणि ती समिती दर महिन्याला उलटू शकत होती. ठाणेदारांना हजारो मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीतून जावं लागलं, तिथे टीव्हीवरची जाहिरात चालते आणि पक्षाच्या जुन्या मंडळींना वळसा घालता येतो. पैसेवाल्या उपऱ्याला दुसरी वाट सोपी, बिनपैशाच्या उपऱ्याला बहुधा पहिली.

२०२४ मध्ये ठाणेदारांसमोर प्राथमिक निवडणुकीत आधीचाच मुख्य प्रतिस्पर्धी पुन्हा येणार होता. तिथे उमेदवारी अर्जाला मतदारसंघातल्या नोंदलेल्या मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, सह्या तपासल्या गेल्या, वैध सह्या हजारापेक्षा कमी भरल्या आणि त्या प्रतिस्पर्ध्याचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. ठाणेदार पुन्हा निवडून आले.